मोठ्या अ‍ॅम्पसाठी अर्थिंगच्या वायरी जाड करायच्या आहेत, पण नेमक्या कुठल्या?

डिक्कीभर_बास

मंडळी, मदत हवी आहे. गाडीत नवी सिस्टिम बसवली आहे. दारांच्या स्पीकरना ४ × ७५ वॉटचा फोर-चॅनल अ‍ॅम्प आणि डिक्कीतल्या वूफरला ६०० वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणारी पॉवर) मोनो अ‍ॅम्प्लिफायर, दोन्ही क्लास डी (कमी वीज वाया घालवणारे). बॅटरीपासून डिक्कीपर्यंत ४ गेजची अस्सल तांब्याची वायर ओढली आहे, बॅटरीजवळ १०० अँपिअरचा फ्यूज आहे. डिक्कीतली अर्थ वायरही तेवढीच जाड आणि हातभर लांबीची, फ्लोअरचा रंग घासून बोल्टने आवळलेली. बॉनेटखालचं मात्र सगळं कंपनीचं, आलं तसंच.

आवाज चढवला की बासच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिचमिचतात आणि वूफर मरगळतो. ज्याला विचारावं तो म्हणतो "बिग थ्री करून टाक": अल्टरनेटर ते बॅटरी प्लस, बॅटरी मायनस ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी, तिन्ही वायरी जाड. काही जण म्हणतात फक्त अर्थिंग बदललं तरी भागतं.

गाण्यावर मल्टिमीटरचे आकडे नाचत राहतात, म्हणून ५० हर्ट्झचा टेस्ट टोन काही सेकंदच लावून मोजलं. इंजिन १५०० आरपीएमला, क्लॅम्प मीटरवर साधारण ६० अँपिअर.

बॅटरीवर १३.४ व्होल्ट, अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर १२.२. प्लसच्या बाजूला ०.४ जातात. अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.८ जातात. त्यातले ०.०५ डिक्कीतल्या वायरीत, ०.१५ बॉडीच्या पत्र्यात आणि उरलेले ०.६ बॉनेटखाली, बॉडी ते बॅटरी मायनस या जेमतेम ४० सेंटिमीटरच्या वायरीत!

ती वायर १० चौ. मिमीची आहे. सरळ ५० ची टाकू का? आणि बाकीच्या दोन्हींचं काय?

तांब्याची_तार

मोजून आलात, निम्मं काम झालं. आता थोडं गणित. १ चौ. मिमी तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला १७ मिलिओहम धरा. १० चौ. मिमी आणि ४० सेंटिमीटर म्हणजे ०.७ मिलिओहमच्या आत. ६० अँपिअरला ०.०४ व्होल्ट पडायला हवेत, तुमच्याकडे पडतायत ०.६. पंधरापट! वायर इतकी वाईट असूच शकत नाही, दोष सांध्यात आहे. ५० ची वायर त्याच गंजक्या बोल्टखाली आवळलीत तर खिसा रिकामा होईल आणि दिवे मिचमिचतच राहतील.

टोन चालू ठेवून मल्टिमीटरचा एक प्रोब लगवर (वायरीच्या टोकाच्या, बोल्टखाली येणाऱ्या धातूच्या कडीवर), दुसरा बोल्टपासून बोटभर अंतरावरच्या उघड्या पत्र्यावर धरा. आणि इंजिन ते बॉडी ही विणलेली पट्टी आधी बघा. गाडी चालू असताना करंट पुरवतो अल्टरनेटर, आणि त्याचा मायनस म्हणजे त्याचं स्वतःचं आवरण, पर्यायाने इंजिन. डिक्कीतून पत्र्यावाटे आलेल्या करंटला इंजिनावर परतायचं असतं. ती पट्टी मेली असेल तर सगळा भार बॅटरीच्या त्या बारक्या वायरीवर येतो.

हेडलाइटचं कोडंही यातच सुटतं. बॅटरीवर १३.४ टिकून असताना दिवे मंद होतायत म्हणजे अल्टरनेटर निर्दोष. दिव्यांचं अर्थिंगही त्याच बॉडीवर असतं, त्यामुळे अ‍ॅम्पने तिथे खाल्लेले ०.६ व्होल्ट त्यांच्याही ताटातून जातात.

बॉनेटखाली

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. एक भर, कारण हे हटकून राहून जातं: मायनस टर्मिनलवर बारीक प्लग लावलेला ठोकळा असेल तर तो करंट सेन्सर. नवी अर्थ वायर थेट बॅटरीच्या खांबावर लावू नका, सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला जोडा. नाहीतर तिच्यातून जाणारा करंट ईसीयूला (गाडीच्या कॉम्प्युटरला) दिसणारच नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकेल.

डिक्कीभर_बास

दोघांचे आभार. लग आणि पत्रा यांच्यात तब्बल ०.५ व्होल्ट निघाले. बोल्ट उघडला तर लगखाली कंपनीचा रंग आणि त्याच्या कडेने लालसर गंज, धातूला धातू टेकत होता तो जेमतेम आट्यांवर. इंजिनची पट्टी हिरवी पडून अर्धी तुटलेली, हात लावला तर धागे गळले.

बॅटरीचा मायनस आधी काढला, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, आवळून वरून पेट्रोलियम जेली फासली. वायर तीच जुनी. आता तिथे ०.०८! अ‍ॅम्पवर १२.७ मिळतात, धावत्या गाडीत दिवे स्थिर.

आता पट्टी कशी घेऊ? आणि अल्टरनेटरची वायर बदलू का? सिग्नलला गाडी उभी असताना दिवे अजून मिचमिचतात, तेव्हा बॅटरीवरच १२.६ दिसतात. कॅपॅसिटर लावून भागेल का?

तांब्याची_तार

पट्टी २५ चौ. मिमीची, बारीक तारांची लवचीक घ्या आणि थोडी ढिली सोडा, कारण इंजिन माउंटवर हलतं. ताठ वायर लगच्या मानेशी तुटते. लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या, हातोडीने नको. वायर तांब्याचीच, कारण तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची त्याच जाडीत दोन-तृतीयांशच वाहकता देते.

अल्टरनेटरचा प्लस ते बॅटरी प्लस मोजा. भरभक्कम लोडला ०.२ च्या आत असेल तर मी तरी हात लावणार नाही. घातलीच तर जुनी न काढता जोडीला घाला आणि बॅटरीकडच्या टोकाला फ्यूज द्या. ही वायर बॉडीला टेकली तर आग लागू शकते.

सिग्नलची तक्रार वेगळी आहे. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, अल्टरनेटर त्याच्या कमाल अँपिअरपेक्षा बराच कमी करंट देतो, तिथे अर्थिंग काही करू शकत नाही. आणि कॅपॅसिटर? १ फॅरडचा कॅपॅसिटर १३.८ वरून १२.८ वर येईपर्यंत १३ जूल देतो, म्हणजे १००० वॉटला सेकंदाचा शंभरावा भाग. उभ्या गाडीत आवाज दोन घरं खाली ठेवा, नाहीतर आयडलला जास्त करंट देणारा अल्टरनेटर बघा.