महाविद्यालयाचे नेटवर्क: लाइनचा वेग वाढवावा की आधी मांडणी बदलावी?

प्रश्न: संगणककक्ष_पुणे

नमस्कार. पुण्यातील एका अनुदानित महाविद्यालयात मी संगणक कक्षाचे काम पाहतो. आवारात एक जुनी दगडी इमारत, तिच्या मागे नवी चार मजली इमारत आणि पलीकडे वसतिगृह आहे. प्रयोगशाळांतील संगणक, प्राध्यापकांचे लॅपटॉप, विद्यार्थ्यांचे मोबाइल, कार्यालयातील प्रिंटर आणि सीसीटीव्ही हे सारे एकाच नेटवर्कवर आहे. सकाळी साडेदहापर्यंत सुरळीत चालते. त्यानंतर वाय-फायचे चिन्ह दिसते, पण पान उघडत नाही. परीक्षा अर्ज भरण्याच्या दिवसांत कार्यालयाचीही हीच गत होते. लीज लाइनचा (संस्थेने भाड्याने घेतलेल्या इंटरनेट जोडणीचा) वेग दुप्पट केला की प्रश्न मिटेल, असे व्यवस्थापनाचे मत आहे. अंदाजपत्रकासाठी मला लेखी प्रस्ताव द्यायचा असून निधी मर्यादित आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: जाळेवाला_कोथरूड

आपण वर्णन केलेल्या लक्षणांवरून हा लाइनच्या वेगाचा प्रश्न वाटत नाही. तक्रार ऐन भरात असताना फायरवॉलवर (आत-बाहेरची इंटरनेट वाहतूक तपासणाऱ्या उपकरणावर) लाइनचा प्रत्यक्ष वापर पाहावा. तो निम्म्याच्या आसपास असेल, तर वेग वाढवणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

त्याच वेळी अडलेल्या लॅपटॉपला कोणता आयपी पत्ता (नेटवर्कवरील उपकरणाचा क्रमांक) मिळाला आहे, हे तपासावे. तो 169.254 ने सुरू होत असेल, तर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळालेलाच नाही. बहुतेक महाविद्यालयांत सुरुवातीला 24 बिटांचे सबनेट (पत्त्यांचा एक गट) ठेवलेले असते, त्यात वापरण्याजोगे पत्ते जेमतेम 254. सर्व्हर विंडोजचा असेल आणि पत्ता देण्याची मुदत (लीज) कोणी बदलली नसेल, तर एकदा दिलेला पत्ता आठ दिवस त्याच उपकरणाच्या नावावर राहतो. सकाळच्या तुकडीचे विद्यार्थी घरी गेले तरी त्यांचे पत्ते अडकून पडतात. शिवाय अलीकडचे मोबाइल खरा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) लपवून दुसराच दाखवतात, त्यामुळे तोच फोन पुन्हा नवा म्हणून नोंदला जाण्याचीही शक्यता असते. विद्यार्थ्यांसाठी 22 बिटांचे स्वतंत्र सबनेट केले, तर 1022 पत्ते मिळतात, आणि लीज दोन तासांवर आणली की बराचसा ताण उतरतो. याला एक रुपयाही लागत नाही.

कार्यालय, प्रयोगशाळा, विद्यार्थी आणि सीसीटीव्ही यांचे व्हीलॅन (त्याच केबलवर चालणारी आभासी नेटवर्क) मात्र वेगळे करावेच. फी भरून घेणारा संगणक आणि अनोळखी मोबाइल एकाच नेटवर्कवर असणे मला तरी धोक्याचे वाटते.

उत्तर: फायबर_आणि_माती

वरील निदान पटते, परंतु स्विच (केबल एकत्र जोडणारी उपकरणे) मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारे, नसतील तर व्हीलॅनची सारी आखणी कागदावरच राहील. प्रत्येक मजल्यावरचा रॅक उघडून पाहावा. फॉल्स सीलिंगच्या वर चिकटपट्टीने अडकवलेला, अॅडॉप्टर लोंबकळणारा पाच पोर्टचा स्विच हमखास सापडतो, आणि त्याचा उल्लेख कोणत्याही आराखड्यात नसतो.

दुसरे असे की, इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकलेली आहे का, ते पाहावे. तिची मर्यादा 100 मीटरची. त्याहून मोठी अडचण म्हणजे वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली, तरी दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. तिथे सिंगल मोड फायबरच (लांब अंतराची काचतंतूंची केबल) टाकावे. खर्च खोदाईचा असतो, त्यामुळे कोअर (आतील तंतू) दोनाऐवजी बारा घेतले तरी फारसा फरक पडत नाही. चिलखती फायबर घेतल्यास त्यातील पोलादी आवरणाला अर्थिंग करण्याची अट निविदेत लिहावी, कारण ठेकेदार ते आपणहून करत नाहीत.

दगडी इमारतीत व्हरांड्यात लावलेला ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारे उपकरण) वर्गात पोहोचत नाही. तो वर्गातच लावावा. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न येणारे चॅनेल 1, 6 आणि 11 एवढेच आहेत, म्हणून नुसती उपकरणांची संख्या वाढवल्यास गोंधळच वाढेल.

संगणककक्ष_पुणे

आपणा दोघांचे आभार. आज दुपारी तपासले. लाइनचा वापर निम्म्यापेक्षा कमी होता. वर्गांतील लॅपटॉपवर 169.254 दिसले, वसतिगृहात मात्र 192.168.0 ने सुरू होणारे पत्ते मिळत आहेत. आमची श्रेणी ही नाही.

उत्तर: जाळेवाला_कोथरूड

म्हणजे दुखणी दोन आहेत. वसतिगृहात कोणीतरी घरगुती राउटर आणून भिंतीवरील केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये खोचली आहे, आणि तो राउटर आजूबाजूच्या खोल्यांना स्वतःच पत्ते वाटत आहे. तिथल्या लॅपटॉपवर गेटवे म्हणून दिसणाऱ्या त्या राउटरचा मॅक पत्ता नोंदवून घ्या आणि तो कोणत्या पोर्टवर दिसतो ते स्विचवर शोधा. स्विच साधा असेल, तर एकेक केबल काढून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. कायमचा उपाय म्हणजे डीएचसीपी स्नूपिंग (अनधिकृत उपकरणाने वाटलेले पत्ते स्विचनेच अडवणे), त्यालाही मॅनेज्ड स्विच हवाच. त्यामुळे निधीचा पहिला हक्क वसतिगृहातील स्विचचा, असे माझे मत आहे.

उत्तर: नोंदवही

प्रस्तावात नोंदींचाही विचार व्हावा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग (वापराच्या नोंदी) 180 दिवस जपून ठेवावे लागतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. आपल्या संस्थेला ते कितपत लागू होतात, याची विचारणा प्राचार्यांमार्फत कायदेशीर सल्लागारांकडे करावी. पण पोलिसांचे पत्र आल्यावर 'अमुक वेळी हा पत्ता कोणाकडे होता' याचे उत्तर सर्वांचा मिळून एकच वाय-फाय पासवर्ड असलेल्या महाविद्यालयाला देता येत नाही, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन असावे. लॉगिन तपासणारा रेडियस सर्व्हर मुक्त सॉफ्टवेअरवर उभा राहतो. तो एकदा बसला की पुढे एज्युरोम या शैक्षणिक संस्थांच्या सामायिक वाय-फाय सेवेचाही विचार करता येईल. भारतात ती सेवा अर्नेट इंडिया ही शैक्षणिक नेटवर्क चालवणारी संस्था पाहते, आणि सहभागी संस्थांमध्ये गेलेल्या प्राध्यापकांना आपल्याच लॉगिनवर तिथले वाय-फाय मिळते.

लाइन दुप्पट करण्याचा मुद्दा प्रस्तावातून काढू नये, शेवटी ठेवावा. स्विच बदलल्यानंतर तीन महिन्यांचा वापराचा आलेख जोडला, तर व्यवस्थापनालाही त्यावर निर्णय घेणे सोपे जाईल.