वॉर्डात रात्री दोनच सिस्टर. हे कुठे आणि कसं विचारायचं?

नमस्कार. लांबलचक होतंय, सांभाळून घ्या.

सासऱ्यांना न्यूमोनिया झाला म्हणून मागच्या महिन्यात नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयात ९ रात्री काढल्या. नाव लिहीत नाही. वॉर्ड ३६ खाटांचा, शिवाय खाली गाद्यांवर सात-आठ पेशंट. भंडारा, गडचिरोली, पार बालाघाटहून आलेले. रात्री सिस्टर दोन, त्यातली एक शिकाऊ पोरगी.

तिसऱ्या रात्री अडीचला बाबांची सलाईन संपली, नळीत रक्त चढलं. धावत गेले तर सिस्टर एका हाताने कुणाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरून, खांद्यात फोन दाबून डॉक्टरांना बोलावत होत्या. मला म्हणाल्या, "ताई, नळीवरची चकती फिरवून बंद करा, आलेच मी." त्यांच्या ॲप्रनला चिकटपट्टीचा तुकडा होता, त्यावर पेनाने लिहिलेलं: १४ इंजेक्शन, २२ शुगर, ३१ लघवी. पुढच्या रात्रींना शेजारच्या तीन खाटांच्या बाटल्याही मीच बघायची.

दिवसा नातेवाईक ओरडायचे ते त्याच सिस्टरवर. मला त्यांची तक्रार करायचीच नाही. किती सिस्टर हव्यात याचा काही नियम आहे का? माहिती अधिकारात काय मागावं? दीर म्हणतात, "काही होत नाही वहिनी, कोर्ट फीचे १० रुपये वाया."

निवृत्त_परिसेविका: ताई, निकष आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय असेल तर जनरल वॉर्डात ३ खाटांमागे १ सिस्टर. इथेच लोक फसतात. कधीही बघावं तर तिघांना एक, असं नाही ते. तीन पाळ्यांत वाटलं की दर पाळीला ९ खाटांमागे १. तुमच्या ३६ खाटांना रात्री चौघी हव्या होत्या. वरून रजा-सुट्टीसाठी ३० टक्के जादा, म्हणजे त्या एका वॉर्डासाठी १२ नव्हे, साधारण १६ पदं. हिशोब खाटांचा असतो, गादीवरचा पेशंट त्यात नाही. आणि शिकाऊ पोरगी शिकायला आलेली असते, तिला मोजूच नका. आम्हीही मोजायचो, नाइलाज म्हणून. चूकच होती ती.

अर्जवाला_भाऊ: "पदं का भरत नाही" असं लिहाल तर उत्तर येणार नाही. कारणं नका मागू, कागद मागा. अधिपरिचारिकांची (सिस्टरचं सरकारी पदनाम) मंजूर, भरलेली, रिक्त आणि प्रतिनियुक्तीवर गेलेली पदं, अमुक तारखेला. प्रतिनियुक्ती विसरू नका, माणूस कागदावर इथे आणि कामाला भलतीकडे असतो. सोबत त्या वॉर्डाच्या एका महिन्याच्या रात्रपाळीच्या ड्युटी चार्टची प्रत. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवायचा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील तिथल्याच वरिष्ठांकडे, दुसरं राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे, मुंबईला जावं लागत नाही. दिरांना सांगा, १० रुपयांत सध्या चहाही धड येत नाही.

मूळ धागाकर्ती: दोघांचेही आभार. एकच अडचण: ड्युटी चार्ट मागितला की त्यात सिस्टरांची नावं येतील, आणि मग जाब त्यांनाच. काय करू?

अर्जवाला_भाऊ: "नावे वगळून, फक्त संख्या व पदनाम" असं लिहा. मसुदा इथे टाका, उद्या बघतो.