सीएनडीची सत्तरी: साजरं नेमकं काय करायचं?

उलटतपासणी
१७ फेब्रुवारी १९५८ ला लंडनच्या सेंट्रल हॉलमध्ये 'कॅम्पेन फॉर न्यूक्लिअर डिसआर्मामेंट'ची (सीएनडी) पहिली जाहीर सभा झाली. संघटनेचे अध्यक्ष तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल. २०२८ मध्ये सत्तर वर्षं भरतील, म्हणून सोहळ्याच्या गोष्टी चालल्यात. मूळ मागणी एकच होती: ब्रिटनने कुणाची वाट न बघता आपली अण्वस्त्रं टाकून द्यावीत. आज काय चित्र आहे? ट्रायडंट अणुक्षेपणास्त्रं वाहणाऱ्या चार पाणबुड्या, त्यातली एक कायम समुद्रात. अण्वस्त्रांची कमाल मर्यादा १८० वर आणायचं २०१० मध्ये ठरलं होतं, २०२१ मध्ये तीच २६० केली. सोहळा कसला करताय? हिशेब मांडा.

कासंडी
मांडू की. पहिली नोंद दुधाची. अणुबाँबच्या हवेतल्या चाचणीतून पडणारं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमचा भाऊ. गवतावर पडतं, गाय खाते, दुधात उतरतं आणि वाढत्या मुलांच्या हाडांत जाऊन बसतं. अर्धायुष्य सुमारे २९ वर्षं. बाँबचं गणित न कळणाऱ्या आयांना हे बरोबर कळलं, आणि त्या रस्त्यावर आल्या. ऑगस्ट १९६३ च्या करारात अमेरिका, रशिया, ब्रिटन यांनी हवेत, अवकाशात आणि पाण्याखाली चाचण्या बंद केल्या. हे यश नव्हे?

उलटतपासणी
यश आहे, पण सातबारा सीएनडीच्या नावावर कसा? चाचण्या थांबवा हे नेहरूंनी २ एप्रिल १९५४ ला लोकसभेत मांडलं होतं, तेव्हा सीएनडी जन्मालाही आली नव्हती. करार झाला तो १९६२ च्या क्युबाच्या पेचात, अणुयुद्ध दारात आल्यावर सगळ्यांचे हातपाय गारठले तेव्हा. शिवाय जमिनीखालच्या चाचण्या मोकळ्याच राहिल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटनने अमेरिकेकडून पाणबुडीतून सुटणारी पोलारिस क्षेपणास्त्रं घ्यायचा करार केला. दूध स्वच्छ झालं, गर्दी पांगली, बाँब राहिला. भीतीवर उभी केलेली चळवळ भीती ओसरली की बसते.

आडवाट
१९८० च्या दशकाला वगळून कसं चालेल? इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमनच्या अमेरिकी हवाई तळावर ९६ अण्वस्त्रधारी क्रूझ क्षेपणास्त्रं. एका तुकडीत चार लाँचर, प्रत्येकावर चार, म्हणजे १६. या अस्त्राची सगळी मदार लपण्यावर: ताफा तळाबाहेर पडून रानात पांगायचा. त्यावर ताफ्यांवर पाळत ठेवणाऱ्या 'क्रूझवॉच' गटाने साधा उपाय काढला. फाटकावरच्या पहाऱ्याला ताफा दिसला की तो ठरलेल्या दोघा-तिघांना फोन करणार, ते पुढच्या दोघा-तिघांना. ताफा सॅलिसबरीच्या माळावर पोचेपर्यंत वाटेत गाड्या आणि फलक घेऊन माणसं हजर. सरावाला 'गुप्त' म्हणायची सोय राहिली नाही.

उलटतपासणी
शांततेच्या काळात राहिली नाही. युद्ध पेटलं असतं तर रस्ते बंद झाले असते आणि फोनही. आणि क्षेपणास्त्रं गेली ती मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं मोडण्याच्या अमेरिका-रशियाच्या १९८७ च्या आयएनएफ करारामुळे. दोन्ही बाजूंची मिळून २,६९२ मोडली गेली. त्यातली 'शून्य पर्याया'ची, म्हणजे दोघांनीही अशी क्षेपणास्त्रं ठेवायचीच नाहीत ही कल्पना अमेरिकेचे अध्यक्ष रेगनने नोव्हेंबर १९८१ मध्येच मांडली होती.

आडवाट
का मांडली? युरोपातले रस्ते भरले होते म्हणूनच. रशिया मान्य करणार नाही असा हिशेब होता, गोर्बाचेव्हने मान्य करून पंचाईत केली :)

कासंडी
एक गोष्ट मात्र उलटतपासणींच्या बाजूची. ग्रीनहॅमची छावणी सीएनडीने नाही टाकली, कार्डिफहून चालत आलेल्या बायकांनी टाकली. १९५८ ची पहिली पदयात्राही, लंडनहून ऑल्डरमास्टनच्या अण्वस्त्र केंद्रापर्यंतची, 'डायरेक्ट ॲक्शन कमिटी' या वेगळ्या गटाची. वर्तुळातलं ते प्रसिद्ध शांतता चिन्हसुद्धा त्या यात्रेसाठीच काढलेलं. भाषणात ही नावं आली नाहीत तर ती सत्तरी खोटी.

रेघोट्या
चिन्हावरून आठवलं, फलक रंगवणाऱ्यांनी इकडे लक्ष द्या. जेराल्ड होल्टमने झेंड्यांच्या खुणांमधली 'एन' आणि 'डी' ही अक्षरं एकावर एक ठेवली. एन म्हणजे दोन्ही हात तिरके खाली, डी म्हणजे एक हात सरळ वर, दुसरा सरळ खाली. म्हणून उभी रेघ वर्तुळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायलाच हवी, आणि मध्यापासून दोन तिरक्या खाली, उभ्या रेघेशी ४५ अंशांत. खालची अर्धी उभी रेघ विसरलात की मर्सिडीज होते. दर मोर्चात दोन-चार मर्सिडीज असतातच. पहिल्या यात्रेत काठीवरचे ५०० पुठ्ठे होते, निम्मे पांढऱ्यावर काळे, निम्मे हिरव्यावर पांढरे. हक्क कुणाकडेच नाही, बिनधास्त वापरा.

उलटतपासणी
चिन्हाचा वाढदिवस असेल तर माझी हरकत मागे. मागणीचा असेल तर कायम.

आडवाट
मग तारीखच बदलू. १७ फेब्रुवारीला गुरुवार येतो, सभा होईल आणि माणसं घरी जातील. त्यापेक्षा गुड फ्रायडे, १४ एप्रिल २०२८. ट्रफाल्गर चौक ते ऑल्डरमास्टन ५२ मैल, म्हणजे जवळपास ८४ किलोमीटर. चार दिवसांत रोजचे २१. बूट आधी महिनाभर वापरलेले हवेत, नवे घालून आलात तर दुसऱ्या दिवशीच फोड येतील.

कासंडी
आणि सोमवारी फाटकाशी पोचल्यावर उलटतपासणींना २६० चा आकडा मोठ्याने वाचू द्या.