पडलेला सँडर: दुरुस्त करू की नवीनच घेऊ?

सागवानी (खारेगाव, कळवा)

नमस्कार. मी घराखालच्या गाळ्यात सागवानी देव्हारे करते. महिन्याला दोन, फार तर तीन. कापणं आणि जोडणी दिराची, घासणं आणि पॉलिश माझं. त्यामुळे माझ्या कामाचं खरं हत्यार म्हणजे ५ इंची रँडम ऑर्बिटल सँडर, म्हणजे गोल पॅडला घासायचा कागद लावून लाकूड घासायचं विजेचं यंत्र. सात वर्षं झाली त्याला.

मंगळवारी बटण बंद केलं, पण पॅड पुरता थांबायच्या आत मी तो टेबलावर टेकवला. तो सरकला आणि खाली कोब्यावर पॅडच्या कडेवर आपटला. तेव्हापासून चालू केला की खरखर आवाज येतो, जात्यात खडा आल्यासारखा. हाताला मुंग्या येतील इतका थरथरतो. आणखी एक, जे मला सगळ्यात जास्त सलतंय: पूर्वी हवेत उचलला की पॅड संथ फिरायचा, आता सुसाट सुटतो आणि लाकडाला टेकवला की पहिल्याच क्षणी गोल ओरखडा काढतो. देव्हाऱ्याच्या दारावर असा एक ओरखडा पडला, तो काढायला अर्धा तास गेला. भुशाची पिशवी लागते त्या तोंडाशी प्लास्टिकला तडाही गेलाय.

स्टेशनजवळच्या एका दुकानात नेला. त्यांनी न उघडताच सांगितलं, आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरणारा भाग) गेलं, २,६०० होतील, त्यापेक्षा ५,२०० चा नवीन न्या. न उघडता आर्मेचर गेल्याचं कळतं का? मला खरंच माहीत नाही, म्हणून विचारतेय.

१८ तारखेला एका गृहप्रवेशाचा देव्हारा द्यायचाय. सध्या लाकडी ठोकळ्याला १८० नंबरचा कागद गुंडाळून हाताने घासते. कळसाच्या कडा हाताने उलट छानच येतात, पण मागची फळी अडीच फुटांची आहे, खांदा भरून येतो.

तुर्भे_मॉड्युलर

ताई, माझं किचन ट्रॉली आणि वॉर्डरोबचं काम आहे. चार सँडर रोज आठ तास चालतात. माझा हिशेब सरळ आहे: दुरुस्ती नव्याच्या निम्म्यावर गेली की नवीन. तुमचे २,६०० म्हणजे बरोबर निम्मे. त्यात १८ तारीख डोक्यावर. नवीन घ्या, जुना सवडीने दुरुस्त करून जोडीला ठेवा. दिलेला शब्द चुकला तर ते गिऱ्हाईक परत येत नाही.

वाइंडिंग_काका (वागळे इस्टेट)

ताई, ३१ वर्षं आर्मेचर भरतोय. न उघडता कोणालाच कळत नाही, मलाही नाही. आणि तुम्ही सांगितलेल्या खुणा आर्मेचरच्या नाहीतच. आर्मेचर जळलं की वार्निश जळल्याचा उग्र वास येतो, जोर राहत नाही, आणि हवा जायच्या जाळीतून आत बघितलं तर कॉम्युटेटरभोवती, म्हणजे आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्या असतात त्या भागाभोवती, ठिणग्यांचं पूर्ण कडं दिसतं. कार्बनच्या (त्या पट्ट्यांवर टेकून वीज पोचवणाऱ्या दोन ठोकळ्यांच्या) खाली बारीक निळी ठिणगी दिसते ती नेहमीची, तिला घाबरू नका.

खरखर आणि थरथर म्हणजे बेअरिंग. पॅड सुसाट सुटतो म्हणजे ब्रेकची रबरी रिंग गेली किंवा जागेवरून निघाली. बॉडीच्या खालच्या काठाला असते, पॅडच्या पाठीवर घासत राहते आणि पॅडला मोकळा फिरू देत नाही. कडेवर आपटल्यावर ती निघणारच. स्वस्त वस्तू आहे.

आता उघडायचं असं. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागायचं नाही. मग पॅड. मग कार्बन काढा, नाहीतर आर्मेचर ओढताना ते तुटतात. कार्बनची उंची ५-६ मिलिमीटर उरली असेल तर दोन्ही बदला, एकटा कधीच नाही. स्क्रू काढून बॉडी उकला. आता शाफ्ट, म्हणजे मोटरचा दांडा, बोटांनी फिरवा. खडे लागल्यासारखं वाटतंय ते बेअरिंग गेलं.

दिराकडे मल्टिमीटर असेल तर तो २०० ओहमवर ठेवा आणि कॉम्युटेटरच्या शेजारशेजारच्या दोन-दोन पट्ट्या मोजत पूर्ण फेरी मारा. सगळीकडे साधारण सारखं रीडिंग आलं पाहिजे. एका ठिकाणी एकदम चढलं तर तार तुटलीय, एकदम उतरलं तर शॉर्ट. पट्टी आणि शाफ्ट यांच्यात मीटरवर काहीच जोड लागता कामा नये. बारीक शॉर्ट मीटरवर सापडत नाही, त्यासाठी ग्राउलर (आर्मेचरमधला शॉर्ट शोधायचं यंत्र) लागतो, ते कुठल्याही वाइंडिंगवाल्याकडे दोन मिनिटांचं काम.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: तडा नक्की कुठे आहे ते बघा. पिशवीच्या तोंडाशी असेल तर काळजी नको. पण बेअरिंग बसतं त्या खोबणीपर्यंत गेला असेल तर तो सँडर सोडून द्या. तिथे बेअरिंग सरळ राहत नाही, नवीन टाकलं तरी महिन्याभरात खाऊन टाकेल.

ऐरोली_रंगकाम

काकांच्या बोलण्यात एक भर. दोन पिनांचा प्लग असेल तर त्या सँडरला अर्थिंग नसतं, प्लास्टिकची बॉडी हीच तुमची राखण. त्यामुळे मोटरच्या बाजूला तडा असेल तर एम-सील लावून वापरू नका. आणि बेअरिंग २आरएस मागा, दोन्ही बाजूंना रबर असलेलं. नुसत्या पत्र्याच्या झाकणाच्या झेडझेडमध्ये भुसा शिरतो. मी भिंतीची पुट्टी घासतो. तिच्यात पांढरं सिमेंट असतं, पावसाळ्यात दमटपणाने बेअरिंगमध्ये थिजून बसतं. तो त्रास सागवानाला नाही, पण भुसा तेलकट असतो, साचू देऊ नका.

सागवानी (खारेगाव, कळवा)

काल रात्री दिराने आणि मी मिळून उघडला. प्रत्येक पायरीला फोटो काढले, कुठला स्क्रू कुठला ते कळावं म्हणून.

आर्मेचर चांगलं आहे! सगळ्या पट्ट्या सारख्या, शाफ्टला काही लागत नाही, तांब्याचा रंग स्वच्छ. तडा पिशवीच्या तोंडापाशीच थांबलाय. ब्रेकची रिंग एका बाजूने फाटून लोंबत होती. पॅडच्या वरचं बेअरिंग फिरवलं तर दाण्यादाण्याने अडकत होतं. त्यावर ६००० लिहिलंय. मोजलं तर आतून १०, बाहेरून २६, जाडी ८ मिलिमीटर.

दीर नागदेवी स्ट्रीटला जाऊन बेअरिंग, रिंग, कार्बनची जोडी आणि पॅड घेऊन आला. पॅडचे वेल्क्रोचे काटे मधोमध वितळले होते, ते मात्र आपटल्याने नव्हे, माझ्या दाबून घासण्याने. सगळं मिळून ९४० रुपये.

काका, बेअरिंग हातोडीने ठोकून बसवू का? आणि पॅड दुकानदाराने दुसऱ्या मॉडेलचा दिलाय, भोकं जुळतात पण हाताला जड लागतो.

वाइंडिंग_काका (वागळे इस्टेट)

हातोडी थेट नको. शाफ्टवर चढवताना जोर फक्त आतल्या रिंगवर, खोबणीत बसवताना फक्त बाहेरच्या. त्या मापाचा पाना-गोटी किंवा पाइपचा तुकडा मध्ये धरा. उलट दाबलंत तर गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडतात आणि खरखर पहिल्या दिवसापासून.

पॅड परत करा. आतल्या पंख्याला जे वजन दिलेलं असतं ते त्याच पॅडच्या वजनाशी तोललेलं असतं. जड पॅड लावलात की थरथर पुन्हा हजर, आणि नवीन बेअरिंगही जाईल.

तुर्भे_मॉड्युलर

ताई, माझा निम्म्याचा हिशेब त्या २,६०० वर होता. ९४० ला माझंही मत दुरुस्तीचंच. पॅड मिळेपर्यंत अडलं तर माझा एक सँडर दोन दिवस घेऊन जा.

सागवानी (खारेगाव, कळवा)

दादा, मनापासून आभार, पण गरज लागली नाही. मूळ मॉडेलचा पॅड आज दुपारी मिळाला, फरकाचे ६० रुपये वर गेले. पाना-गोटीने बेअरिंग बसवलं, रिंग चढवली, चालू केला. खरखर नाही. हवेत उचलला तर पॅड पूर्वीसारखा संथ. मागची फळी १२० आणि १८० नंबरने घासून झाली, नुसतं हाताचं वजन ठेवून, अजिबात न दाबता. २२० उद्या सकाळी. टेबलाच्या बाजूला दिराने एक खाच करून दिलीय, पॅड थांबेपर्यंत सँडर त्यातच ठेवायचा.