'फेड इन', 'फेड आउट', 'क्रॉसफेड' : मराठीत काय लिहावं?

वेलांटी
वेबपानावर एकामागून एक चित्रं दाखवणाऱ्या चित्रमालिकेच्या स्क्रिप्टमधली सेटिंग्ज मराठीत करायची आहेत. चित्र हळूहळू दिसू लागतं ते 'फेड इन', दिसेनासं होतं ते 'फेड आउट'. 'फेड कालावधी : ८०० मिलिसेकंद' असं लिहिलं की कर्जाची फेडच आठवते. 'विरणे' चालेल का?

काकपद
विरतं ते कापड. वापरून वापरून झिरझिरीत होतं ते विरणं. इथे 'विरघळणे' हवं.

उभीरेघ
ढगही विरतो, आवाजही हवेत विरतो. मीठ विरघळलं तरी पाण्यातच राहतं. ढग विरला की मागचं आकाश दिसतं. वरच्या चित्राची ऑपॅसिटी (अपारदर्शकता : १ म्हणजे पूर्ण दिसतं, ० म्हणजे अजिबात नाही) १ वरून ० वर नेली की खालचं दिसू लागतं. हे विरणंच.

काकपद
पण क्रॉसफेडमध्ये एक विरतं तेव्हाच दुसरं उमटतं. 'फेड इन'ला 'उमटणे' मान्य, दोन्ही मिळून काय म्हणणार?

उभीरेघ
दोन्ही एकदम बदलूच नयेत. बदलली तर मध्यावर दोन्हींची ऑपॅसिटी ०.५ असते. खालचं चित्र पार्श्वभूमी निम्मी झाकतं, वरचं उरलेल्यातली निम्मी. २५ टक्के पार्श्वभूमी आरपार दिसते. पांढऱ्या पानावर मधेच पांढुरकी झाक येऊन जाते ती यामुळे. जुनं १ वरच ठेवा, त्याच मापाचं नवं त्याच्यावर ० पासून १ पर्यंत आणा, 'ट्रान्झिशनएंड' (बदल पूर्ण झाल्याची ब्राउझरची सूचना) आलं की मगच जुनं काढा. म्हणजे विरत काहीच नाही, नुसतं उमटतं.

रफार
'फेड इन' सगळ्यांना कळतं, बदलू नये. फक्त सुटं 'फेड' लिहू नका.

वेलांटी
मग 'उमटण्याचा वेळ' लिहिते. पण प्रत्यक्षात नवं चित्र उमटत नाही, एकदम येऊन आदळतं. आधी 'डिस्प्ले : नन' आहे, म्हणजे चित्र पानाच्या मांडणीतून पूर्ण वगळलेलं.

उभीरेघ
'नन'चं 'ब्लॉक' (म्हणजे चित्र मांडणीत परत) आणि ऑपॅसिटी ०चं १ एकाच दमात केलं असणार. मग ब्राउझरच्या हिशेबी ०ची अवस्था आलेलीच नसते, बदल कुठून सुरू करणार? स्क्रिप्टमधल्या त्या दोन ओळींच्या मधे 'ऑफसेटविड्थ' (चित्राची पानावरची रुंदी) वाचा. ती सांगण्यासाठी ब्राउझरला मांडणी नव्याने मोजावी लागते आणि ०ची नोंद होते. नाहीतर डिस्प्लेला हात न लावता 'व्हिजिबिलिटी : हिडन' (चित्र मांडणीत ठेवून नुसतं लपवणं) वापरा. नुसती ऑपॅसिटी ० केलीत तर न दिसणाऱ्या चित्रावरची लिंक क्लिक खात राहते.

रफार
'ट्रान्झिशन'ला, म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत जाण्याला, 'संक्रमण' तर लिहिलं नाही ना? रोगाची लागण वाटेल. 'स्थित्यंतर' घ्या.

काकपद
सूर्य एका राशीतून दुसरीत जातो तेही संक्रमणच. रोगाच्या बातम्यांपायी इतका नेमका शब्द का सोडायचा? स्थित्यंतर राज्यांचं होतं, चित्रांचं नाही.