गेमच्या सीडीचं दुकान आता कशावर चालायचं?

नौपाडा_९१

गेल्या रविवारी माझ्या नेहमीच्या दुकानात गेलो होतो. ठाण्यातला जुना गाळा, दोन माणसं एकदम आत शिरली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. गेली अकरा वर्षं तिथली मागची भिंत गेमच्या सीडींच्या निळ्या डब्यांनी भरलेली बघत आलोय. या वेळी अर्धी भिंत मोबाइलच्या कव्हरांनी आणि टेम्पर्ड ग्लासने भरली होती. काकांना विचारलं, तर म्हणाले, "नवीन सीडी मागवणं थांबवलंय. दिवाळीत चार मागवल्या, त्यातल्या तीन अजून तशाच आहेत. तोवर त्या गेमचा ऑनलाइन सेल येऊनही गेला."

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय.

"लोक डाउनलोडकडे वळले म्हणून दुकानं बसली" हे मला अर्धवट खरं वाटतं. अशी दुकानं नव्या सीडीवर फारशी कधी चालली नाहीत, ती चालली जुन्यावर. मी स्वतः ४,९९९ रुपयांची सीडी घ्यायचो, महिन्या-दीड महिन्यात संपवायचो आणि काकांकडे तीन हजाराला परत द्यायचो. म्हणजे गेम मला दोन हजाराला पडला. माझी सीडी काकांकडून छत्तीसशेला कॉलेजातला कुणीतरी न्यायचा, नंतर त्याच्याकडून तिसरा. एकाच डबीवर तीन-चार पोरं खेळायची. डाउनलोड केलेला गेम मी भाच्यालासुद्धा देऊ शकत नाही.

आणि हा दरवाजा गिऱ्हाइकाने नाही, कंपन्यांनी बंद करत आणलाय. २ फेब्रुवारी २०२१ ला सोनीचा पीएस५ (टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) भारतात आला तेव्हा सीडीवाला ४९,९९० आणि बिनसीडीचा ३९,९९० होता. दहा हजार वाचले म्हणून कितीजण खूश झाले. पण वर्षाला पाच गेम घेऊन विकणाऱ्याचे ते दहा हजार वर्षभरातच उलटे फिरतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एस या मशीनला सीडीची खाचच नाही. २०२४ चा पीएस५ प्रो सीडी ड्राइव्हशिवाय विकतात, ड्राइव्ह हवा तर वेगळे पैसे मोजा.

माझं म्हणणं एवढंच की दुकानांनी नवीन सीडीचा नाद सोडावा. जुना माल, दुरुस्ती आणि बसून खेळायची जागा यांवर उभं राहावं. आणि आपण आपले पैसे तिथे न्यावेत. तुम्हाला काय वाटतं?

कोयनाकाठ

असहमत. आणि थोडं रागानेच लिहितोय, समजून घ्या.

हे दुकान ठाण्याला होतं. पुण्याला होतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला होतं. आमच्या पाटण तालुक्यात कुठे होतं? शाळेत असताना मी एसटीने पुण्याला जायचो, मामाकडे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी बुधवार पेठ. शंभर रुपयाला कॉपी केलेली सीडी मिळायची. घरी येऊन लावली की दोनातली एक चालायची नाही. बदलून आणायची तर परत पावणेदोनशे किलोमीटर. दुकानदाराला सांगितलं तर म्हणे, तुझा ड्राइव्ह खराब असेल.

मला पहिला खरा, पैसे देऊन घेतलेला गेम मिळाला तो स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानावर. २०१५ च्या शेवटाला त्यांनी रुपयात किमती लावल्या, पुढच्या वर्षी जिओ आलं. रात्रभर डाउनलोड लावून झोपायचो आणि सकाळी उठून आधी टक्के बघायचो. सेलमध्ये दोन-अडीचशेला असे गेम घेतलेत की ज्यांची सीडी भारतात कधी आलीच नाही. दोघा-तिघांनी मिळून घरी बसून बनवलेले छोटे गेम तर कुठल्याच दुकानाच्या भिंतीवर नसतात. दुकान नसलेल्या गावातल्या पोराला डाउनलोडने पहिल्यांदा शहरातल्या पोराच्या बरोबरीला आणलं. तुमच्या भिंतीबद्दल वाईट वाटतं, पण ती भिंत माझ्यासाठी कधीच नव्हती.

रिमोटवाला

मी दुकानदार. कोल्हापुरात गेली चौदा वर्षं. दोघांचं वाचलं, दोघंही बरोबर बोलताय. हिशेब माझ्याकडून घ्या.

४,९९९ च्या नव्या सीडीत मला दीडशे-दोनशे सुटतात, तेही पहिल्या आठवड्यात विकली तर. दुसऱ्या आठवड्यात ऑनलाइनवाला पाचशेने उतरतो, की माझी डबी पडून. जुन्या सीडीत चार-पाचशे सुटतात आणि माल अडकत नाही. पण तिथंही एक खोच आहे. जुना माल नव्यातूनच तयार होतो. तीन वर्षांपूर्वी नवा गेम आला की पंधरा दिवसांत माझ्याकडं सहा-सात परत यायच्या. आता एक येते, कधी एकही नाही. विहीर तीच, झरा आटलाय. त्यामुळं "जुन्यावर उभं राहा" हे नौपाडा भाऊंचं म्हणणं आणखी चार-पाच वर्षं चालेल, पुढचं मला दिसत नाही.

आणि जुना माल म्हणजे आयता पैसा असं समजू नका. सीडी आली की मी आधी ती टॉर्चखाली तिरकी धरतो. मधून कडेकडं सरळ गेलेला ओरखडा असला तर फार घाबरत नाही. गोल, सीडीच्या फिरण्याच्या दिशेनं गेलेला असला की हात मागं. पीएस२ च्या जमान्यात डीव्हीडीला पॉलिश मारून जीव आणता यायचा, आताच्या ब्लू-रे सीडीला नाही. तिच्यातली माहिती पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असते, घासायला जागाच नाही. म्हणून प्रत्येक सीडी टाकून पूर्ण इन्स्टॉल करून बघतो. तासभर जातो. गिऱ्हाइकाला वाटतं, काका उगाच टाइमपास करतात.

आज माझं दुकान रिमोटवर, म्हणजे गेम खेळायच्या हातातल्या कंट्रोलरच्या दुरुस्तीवर चालतं. नावावरून कळलंच असेल. अंगठ्यानं फिरवायची काठी हात न लावता सरकल्यासारखी वागते, ज्याला पोरं ड्रिफ्ट म्हणतात, त्याचे रोज तीन-चार तरी येतात. आत कार्बनची पट्टी असते, ती घासून झिजते. नवीन रिमोट पाच-सहा हजार. मी जुनी काठी एकेक टाका सोडवून काढतो आणि चुंबकावर चालणारी बसवतो. त्यात घासायला काहीच नसल्यानं परत झिजत नाही. चौदाशे रुपये. दुसरं काम एचडीएमआय पोर्टचं, म्हणजे टीव्हीची वायर जोडायच्या खाचेचं. पोरं अंधारात वायर उलटी घुसवतात, पिना वाकतात. पीएस५ साफ करायला मात्र शिकून घ्यावं लागलं, कारण त्यात प्रोसेसर थंड ठेवायला पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे. थेंबभर बाहेर सांडला तर बोर्ड गेला.

डाउनलोडनं सीडी गिळली, पण रिमोट डाउनलोड करता येत नाही.

लेस्टरकर

इकडचं सांगतो. इंग्लंडात 'गेम' नावाचीच मोठी साखळी होती, प्रत्येक गावच्या हाय स्ट्रीटवर, म्हणजे मुख्य बाजारपेठेत. मार्च २०१२ मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि ६०९ पैकी २७७ दुकानं एका फटक्यात बंद झाली. पुढे २०१९ मध्ये स्पोर्ट्स डायरेक्टवाल्यांनी विकत घेतली आणि बरीचशी दुकानं बुटांच्या दुकानातल्या कोपऱ्यात गेली. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी जुने गेम घेणंच थांबवलं. माझ्या मुलाला ते दुकान म्हणजे काय हे त्या दिवसानंतर समजावून सांगावं लागतं.

उलट फक्त जुन्यावरच चालणारी सीईएक्स, १९९२ साली लंडनात निघालेली, आजही आमच्याकडे गर्दीत असते. पण तिने गेमच्या जोडीला जुने फोन, कॅमेरे, लॅपटॉप सगळं घेतलं. मुंबई-पुण्यातही तिची दुकानं निघाली.

अमेरिकेतली गेमस्टॉप वाचली असं कुणी सांगेल, त्यावर जाऊ नका. जानेवारी २०२१ मध्ये तिचा शेअर वीस डॉलरच्या आतून ४८३ पर्यंत उडाला, सगळ्या जगाने बघितलं. ते गिऱ्हाइकाने केलेलं नव्हतं. कंपनीने चढ्या भावात शेअर विकून अब्जावधी डॉलर जमवले. २०२४ च्या आर्थिक वर्षात नफा दाखवला सुमारे १३ कोटी डॉलर, पण धंद्यातून तोटाच होता, नफा आला बँकेतल्या पैशाच्या व्याजातून. त्याच वर्षी अमेरिकेतली ५९० दुकानं बंद केली. पाटी जगली, दुकान नाही. कोल्हापूरच्या दादांचं रिमोटचं टेबल मला त्याहून खरं वाटतं.

दोन मुलांची आई

मी खेळत नाही, पण पैसे मीच देते, म्हणून लिहिते.

डाउनलोड म्हणजे घरातल्या मशीनला माझं कार्ड जोडून ठेवणं. धाकट्याने, तो तेव्हा अकराचा, एका संध्याकाळी सहा हजार तीनशे रुपयांची खेळातली नाणी घेतली. त्याला ते पैसे आहेत हेच कळलं नव्हतं. कंपनीला तीन मेल केले, तिन्हीला एकच छापील उत्तर. अर्धे पैसे परत आले, तेही दोन महिन्यांनी. तेव्हापासून कार्ड काढून टाकलंय.

दुकानात हे होत नाही. थोरल्याच्या वाढदिवसाला मी विचारलं, चौदा वर्षांच्या मुलाला काय देऊ? दुकानदाराने आधी विचारलं, घरी अजून कोण खेळतं? म्हटलं, लहान भाऊ. मग त्याने मी उचललेली डबी परत ठेवायला लावली, म्हणाला, ताई, यात रक्त फार आहे, लहानग्याच्या समोर नको. दोघांनी मिळून खेळायचा एक जुना गेम दिला, अकराशेला. त्याचं पाचशे-सहाशेचं नुकसानच झालं असणार. मुलं तो अजून खेळतात.

कोयनाकाठ

ताई, तुमचा अनुभव मान्य. कार्डाऐवजी रिचार्जसारखं वॉलेट व्हाउचर घ्या, जेवढे भरले तेवढेच जातात.

पण नौपाडा भाऊंचा मूळ मुद्दा मालकीचा आहे. सीडी आपली, डाउनलोड भाड्याचं. मग 'द क्रू'चं काय? २०१४ चा गाड्यांचा गेम. तो काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि गेम संपला. ज्यांच्या कपाटात सीडी होती त्यांचाही संपला, कारण एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागत होता. निन्टेन्डोच्या स्विच २ या मशीनला सीडीऐवजी कार्ड लागतं, त्यातही अशी कार्डं आहेत ज्यांच्यात गेमच नसतो. कार्ड नुसती किल्ली, खेळ डाउनलोडच करायचा. काचेमागे डबी आहे म्हणून गेम आपला, हे आता खरं राहिलेलं नाही. लढायचं असेल तर कायद्यासाठी लढा. युरोपात गेम असे मारू नका म्हणून दहा लाखांच्या वर लोकांनी सह्या केल्या. ते खरं काम. गाळे वाचवून हे सुटणार नाही.

नौपाडा_९१

'द क्रू'चा मुद्दा बिनतोड आहे. मला सुचला नव्हता.

तरीही एक सांगतो. जपानात गेम कंपन्या जुन्या सीडीच्या विक्रीविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या. एप्रिल २००२ मध्ये हरल्या, जुना गेम विकणं कायदेशीर ठरलं. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्सवर जुन्या सीडीवर बंधनं घालायचं जाहीर केलं, लोक एवढे भडकले की जूनमध्येच माघार घ्यावी लागली. या दोन्ही वेळी लोकांच्या हातात विकण्यासारखी वस्तू होती, म्हणून भांडण उभं राहिलं. सगळंच डाउनलोड झाल्यावर भांडायला काय उरतं? कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला, त्यातही तुम्ही परवाना घेताय हे गिऱ्हाइकाला नीट सांगा, एवढंच. म्हणजे तुमचं काहीच नाही हे आधी सांगून मग पैसे घ्यायचे. कायदा हवाच, पण तो होईपर्यंत सीडी फिरत राहिली पाहिजे आणि ती गाळ्यातूनच फिरते.

कोयनाकाठ

गाळेवाल्यांच्या प्रेमात एक गोष्ट विसरताय. २०२१ मध्ये पीएस५ चा तुटवडा होता तेव्हा ५० हजाराचं मशीन दुकानांत पासष्ट-सत्तरला विकलं गेलं. वर दोन नको असलेल्या सीडी गळ्यात मारल्या. मी तीन शहरांत फोन केले होते, तिन्हीकडे तेच. तेव्हा गिऱ्हाइकाची आठवण कुणाला आली नाही. रिमोटवाले, तुम्ही सांगा.

रिमोटवाला

खरं आहे. मी विकलं नाही असं म्हणणार नाही. त्या वर्षी दोन मशीन माझ्याकडं आली, मलाच चढ्या भावानं पडली होती, मी आणखी तीन-तीन हजार लावले. लॉकडाउनमध्ये चार महिने शटर बंद होतं आणि भाडं चालू होतं. कारण सांगतोय, समर्थन नाही. त्यातलं एक गिऱ्हाईक परत कधी आलं नाही. रस्त्यात दिसलं की मान वळवतं. दुसरं अजून येतं, रिमोट घेऊन.

जूनमध्ये माझा भाडेकरार संपतोय, मालक वाढ मागतोय. ठरवलंय ते सांगतो. नवीन सीडीचं रॅक काढतोय. तिथं दोन टेबलं, दोन टीव्ही. शनिवार-रविवार तासाला साठ रुपये, चौघं मिळून खेळायचे गेम. ते एकट्यानं घरी बसून खेळण्यात मजा नाही हे पोरांना माहीत आहे. जुन्या सीडीचं कपाट राहील, पण आता बदलीवर. तुमची आणा, शंभर रुपये द्या, दुसरी न्या. विकत घ्यायची गरजच नाही. पंधरा-वीस पोरं तयार आहेत.

कोयनाकाठ, तुमच्याकडं ड्रिफ्टवाला रिमोट असेल तर पाटणहून कुरिअर करू नका, डब्यात आपटून पोर्ट जातं. कुणी कोल्हापूरला येणारं असेल त्याच्या हाती द्या.