मदत हवी आहे: तारा लांब चाललाय म्हणून लाल दिसतो का?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला गंगापूर रोडवर घरीच नववी-दहावीचे सायन्सचे क्लास घेते. परवा बॅचला घेऊन अंजनेरीच्या बाजूला आकाश बघायला गेलो, एप्रिल असल्याने पश्चिमेला रोहिणी आणि पूर्वेला स्वाती, दोन्ही एकदमच दिसत होत्या. तर एक पोरगा म्हणतो, टीचर, रोहिणी लाल आहे म्हणजे ती लांब चाललीय ना, रेड शिफ्ट म्हणतात, लांब जाणाऱ्याचा प्रकाश लालकडे सरकतो, ते हेच ना? तसं नाहीये हे मला माहितीये पण त्याला पटेल असं सांगायचं कसं?

आणि माझी अडचण वेगळीच आहे. सगळाच प्रकाश लालकडे सरकला तर अल्ट्राव्हायोलेटमधला भाग जांभळ्या-निळ्याच्या जागी येऊन बसणार, म्हणजे रंगांचा पट्टा जसाच्या तसाच दिसणार, मग सरकलाय हे कळतं कशावरून? कृपया लांब जाताना आवाज खाली उतरणाऱ्या रेल्वेच्या भोंग्याचं उदाहरण देऊ नका, बालपण नाशिकरोडला गेलंय, ते पाठ आहे.

सुकेणेकर:
ताई, गंमत म्हणजे रोहिणी खरंच लांब चाललीय, सेकंदाला साधारण ५४ किमी! पण तिच्या लालसरपणाशी त्याचा संबंध नाही, तो तापमानाचा. तिचा पृष्ठभाग ३९०० केल्विनच्या आसपास, सूर्याचा ५८०० च्या जवळपास, म्हणजे ती सूर्यापेक्षा थंड म्हणून लालसर. मुलांना स्वातीच दाखवा ना, ती नारिंगी आहे आणि आपल्याकडे येतेय, ५ किमीच्या वेगाने. बर्नार्डचा तारा तर ११० किमीने येतोय तरी चांगला लालच आहे, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही एवढंच. पिवळा तारा निव्वळ वेगाने लाल दिसायला हवा असेल तर सेकंदाला ३० हजार किमीच्या वर पळावा लागेल.

त्या पोराला ओरडू नका हां, गतीने प्रकाश सरकतो हे तत्त्व ज्याच्या नावाने ओळखतात त्या खुद्द डॉप्लरने १८४२ साली हेच मांडलं होतं, की जोडताऱ्यांचे वेगवेगळे रंग त्यांच्या गतीमुळे दिसतात. तत्त्व बरोबर, उदाहरण चुकलं.

खगोलवेडा_सिडको:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काळ्या रेषांमध्ये आहे. पट्टा सलग नसतो, ताऱ्याच्या वातावरणातले अणू ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश गिळतात आणि तिथे रेष पडते. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, इथे लॅबमध्ये मोजा नाहीतर कुठेही मोजा, तिथेच. त्यामुळे मूळ जागा आपल्याला आधीच माहीत असते. निळ्या टोकाला काय येऊन बसलं त्याची चिंताच नको, रेषा कुठे आहे ते बघायचं.

हिशोब सोपा आहे, वेग भागिले प्रकाशाचा वेग गुणिले तरंगलांबी. रोहिणीसाठी ५४ भागिले ३ लाख गुणिले ५८९, म्हणजे साधारण ०.११ नॅनोमीटर. त्या दोन सोडियम रेषांमधल्या फटीच्या सहाव्या हिश्श्याएवढं. डोळ्याला रंगात काय कळणार डोंबल!

अजून एक, हे ५४ सूर्याच्या हिशोबाने. पृथ्वी स्वतः ३० किमीने फिरतेय आणि रोहिणी जवळजवळ तिच्या कक्षेच्या पातळीतच आहे, त्यामुळे मार्चच्या सुरुवातीला मोजलं तर ८४ च्या आसपास येतं आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला २४ च्या. पृथ्वीचा वेग वजा केल्याशिवाय आकडा काही कामाचा नाही.

धागाकर्ती:
बाप रे, मार्च-सप्टेंबरवाला भाग माझ्या डोक्यातच आला नव्हता! म्हणजे पृथ्वी फिरते हे ताऱ्याच्या प्रकाशातच दिसतं, हे मुलांना भयंकर आवडेल. मग तारा आडवा जात असेल तर काय? आणि डीव्हीडीचा तुकडा लावून खोक्याचा स्पेक्ट्रोस्कोप (प्रकाशाचा रंगपट्टा दाखवणारं साधन) करतात त्यात हे सरकणं दाखवता येईल का?

सुकेणेकर:
आडवा गेला तर रेषा सरकत नाहीत, म्हणजे ताऱ्यांच्या वेगांना जवळपास नाहीच. फक्त जवळ येणं आणि लांब जाणं मोजलं जातं, आडवी चाल वर्षानुवर्षं फोटो घेऊन जागा किती बदलली त्यावरून काढतात. याचं झकास उदाहरण सप्तर्षींतच आहे. वसिष्ठ दुर्बिणीतून दोन दिसतो, त्यातला ठळक तारा स्वतःच जोडी आहे, साडेवीस दिवसांत एकमेकांभोवती फेरी. एक येत असताना दुसरा जात असतो तेव्हा प्रत्येक रेष दुहेरी दिसते, दोघे आडवे जाताना परत एक होते. दुर्बिणीतून ही जोडी सुटी दिसत नव्हती, नुसत्या रेषांवरून पकडली, १८८९ साली हार्वर्डच्या पिकरिंगनी जाहीर केलं. अरुंधती बिचारी बाजूलाच राहिली :)

खगोलवेडा_सिडको:
डीव्हीडीत सरकणं दिसणार नाही ताई, उगाच मुलांना आशा लावू नका. ब्लेडच्या दोन पात्यांची एकदम बारीक फट केली तर दिवसा उजेडात काळ्या रेषा मात्र दिसतात, त्यातली सोडियमची पिवळ्या भागात, ती दोन्ही मिळून एकच दिसेल. खोकं पांढऱ्या ढगाकडे किंवा उन्हातल्या भिंतीकडे धरायचं, सूर्याकडे अजिबात नाही. आणि वसिष्ठाच्या वेगवेगळ्या दिवशीच्या स्पेक्ट्रमचे, म्हणजे रंगपट्ट्याचे, फोटो हौशी लोक नेटवर टाकत असतात, दोन दिवसांचे प्रिंट काढून मुलांना पट्टीने रेषांमधलं अंतर मोजायला लावा, वेगाचं गणित दहावीची पोरं आरामात करतील.